झील म्हणजे कोण

मालन परब आणि मी, आमची दारं समोरासमोर. जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांच्या मागच्या अंगाला झोपड्यांच्या जागी एसआरएच्या ज्या उंच इमारती झाल्यात, त्यांतल्या एकीच्या पाचव्या मजल्यावर. मधला पॅसेज एवढा अरुंद की तिने कांदा चिरला की डोळे माझे झोंबायचे. दिवसभर दोघींची दारं सताड उघडी, कारण लावली तर हवा नाही आणि बोलायलाही कोणी नाही.

मी साताऱ्याकडची, सोनूबाई. सगळी नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून काढली. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मालनचं तसं नाही. ती कुडाळकडची, मालवणी बोलणारी. भांडत नाही, रडत नाही, देवाला बोल लावत नाही. ती फक्त दमते. सकाळी दूध घ्यायला दार उघडते तेव्हाच दमलेली असते. कशी आहेस गं विचारलं तर म्हणते, "आसंय." म्हणजे आहे. बरी आहे की वाईट, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

तिचा नवरा दत्ताराम गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा तोही, आता मुलगा पडलाय तसाच, खाटेवर पडला होता म्हणे. पण तो निदान शिव्या घालायचा. मालकाला, युनियनला, सरकारला आणि हाताशी दुसरं कोणी नसेल तेव्हा मालनला. ती मसाला कुटून विकायची, सीप्झमध्ये कामाला जाणाऱ्या पोरांचे डबे करायची आणि शिव्या ऐकायची. वर्षभराने शिव्या संपल्या, तेव्हा दत्ताराम उठला आणि एका सोसायटीत वॉचमन झाला. पुढे त्यातच गेला. मालन म्हणते, माणूस शिव्या घालतो तोवर त्याची काळजी नसते.

हर्षद तिचा एकुलता एक मुलगा. अंधेरीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. चांगला हसरा माणूस. लिफ्ट बंद असली की माझा गॅस सिलिंडर खांद्यावरून वर आणायचा आणि वर मलाच विचारायचा, मावशी, दम लागला का तुला. मग कारखाना वापीला हलला. मालकाने सांगितलं, यायचं त्याने यावं. हर्षद गेला. एका खोलीत सहा-सात जणांबरोबर राहिला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस परत आला. बॅग दाराशी ठेवली, आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. काय झालं, कोण काय बोललं, काही नाही. बॅग कितीतरी दिवस दाराशीच होती. येता-जाता सगळे तिला ओलांडून जात होते.

ताट समोर ठेवलं तर तो थोडं खायचा. आंघोळीला जा म्हटलं की जायचा. पण बोलायचा नाही. बायकोशी नाही, पोरीशी नाही, आईशी तर नाहीच. सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, वेळ लागेल, गोळ्या चुकवू नका आणि तुम्ही त्याच्याशी बोलत राहा. बोलत राहा म्हणणाऱ्याचं काय जातं? मालनने ते गोळीसारखं मनावर घेतलं. दुपारची भांडी घासून झाली की ती एक कप चहा घेऊन आत जायची, कप खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायची, खाली बसायची आणि सुरू व्हायची. बांगडा काय भावाने मिळाला. गावात कोण आजारी आहे. लिफ्टवाला आज परत आला नाही. फणस यंदा कमी धरलेत. तासभर. हर्षद भिंतीकडे. चहावर साय धरायची. शेवटी मालन बोटाने साय बाजूला करायची आणि तो गार चहा स्वतः पिऊन उठायची, कारण टाकून द्यायला जीव होत नसे.

न राहवून मी एकदा म्हटलं, "अगं, भिंतीशी बोलतेस तू."

"भिंत माझी नाय गो," ती म्हणाली. "ह्यो माझो आसा."

मग जरा वेळाने कप विसळता विसळता म्हणाली, "माका एक शब्द होयो, सोनूबाय. शिवी घातल्यान तरी चलात."

तिच्या मागण्याची एवढीच लांबीरुंदी होती. नोकरी नको, पैसा नको, एक शब्द. आणि तोसुद्धा मिळत नव्हता.

तिची सून कल्पिता मनोरीची, कोळ्यांची मुलगी. अंधेरीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. सकाळी जाते ती दिवेलागणीनंतर येते. घर तिच्याच पगारावर चाललेलं. ती वाईट नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण एक दिवस लिफ्टमध्ये मला म्हणाली, "मावशी, दिवाळीत दिशाला मनोरीला नेते. वाटलं तर तिकडेच ठेवीन तिला, शाळेचं बघू. तिकडे निदान घरात माणसं बोलतात तरी. इथे पोरगी पण हळू बोलायला लागलीय, लक्षात आलं का तुमच्या?"

आलं होतं. दिशा सहावीत. पूर्वी पॅसेजमध्ये धावत यायची तेव्हा तिचा आवाज तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. आता घरात शिरताना चपला हातात घेते आणि कानाशी येऊन बोलते. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसली गत. मी मालनला सांगितलं तर ती म्हणाली, "तिचा बरोबर आसा," आणि मासळी साफ करायला बसली. त्या दिवशी तिने खवले काढायला जरा जास्तच वेळ घेतला.

तर नवरात्र उलटल्यावरची एक दुपार. मालन आत खाटेशी चहा घेऊन बसलेली. मी त्याच खोलीच्या उंबऱ्यात, तिच्या हाताशीच, मेथी निवडत होते. दिशा शाळेतून आली, चपला हातात घेऊन आत गेली आणि आजीला चिकटून बसली. तिच्या हातात हिंदीच्या बाईंनी दिलेला एक कागद होता. त्यावर छोटीशी गोष्ट आणि काही शब्दांखाली रेघा. रेघ मारलेल्या शब्दांचे अर्थ गोष्टीवरून ओळखायचे आणि कसे ओळखले तेही लिहायचं. शब्दकोश बघायचा नाही, मोबाईल तर नाहीच नाही.

आमच्या वेळी बाई अर्थ फळ्यावर लिहून द्यायच्या आणि आम्ही ते पाठ करायचो. आता म्हणे मुलांनी अंदाज करायचा. अंदाजच करायचा तर शाळेत कशाला जायला हवं, ते तर आम्ही घरी दिवसभर करतो. पण माझं कोण ऐकतंय.

दिशाने हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. "एक बुढ़िया थी। वह रोज़ झील के पास जाकर बैठती थी। बुढ़िया बोलती रहती, झील चुप रहती।" मग तिने वर बघितलं. "आजी, झील म्हणजे काय? अंडरलाइन आहे."

"झील म्हंजे झील," मालन म्हणाली. "मुलगो."

मालवणीत मुलाला झील म्हणतात. माझो झील, म्हणजे माझा मुलगा. पॅसेजपलीकडून हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. पण हा कागद हिंदीचा.

"हिंदीत मुलगा म्हणजे बेटा ना?" दिशा म्हणाली.

"बेटा पण असता, झील पण असता. एका माणसाक दोन नावां नसतत?"

आता मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "थांब गं पोरी. झील म्हणजे गाण्यातली झील. आमच्याकडे भजनाला मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि मागचे ती उचलून धरतात, त्याला झील धरणं म्हणतात. माझे वडील झील धरायचे. ही म्हातारी गाणारी असणार. ती गातेय आणि मागे झील धरणारं कोणी नाही. म्हणून झील चुप रहती. सरळ आहे."

"गाणारी खंय लिवला हा? 'बोलती' लिवला हा," मालन म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईत जन्म काढला आणि एवढी हिंदी येत नाही? येते की. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, दवाखान्यातल्या पेशंटांशी मी हिंदीतच भांडलेय. पण त्या हिंदीत भाव असतो, पत्ता असतो, पोटदुखी असते. हा शब्द तिथे कधी लागलाच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दिशाने तोडगा काढला. "टीचरने सांगितलंय, जो अर्थ वाटतो तो शब्दाच्या जागी ठेवायचा आणि पुढे वाचायचं. शेवटपर्यंत बसला तर तोच बरोबर."

"वाच," मालन म्हणाली.

"इस बरस झील सूख गई थी।"

"बघ," मालन म्हणाली. "सुकलो." आणि तिची नजर खाटेकडे गेली. हर्षदचा हात पाठीमागे पडलेला होता, मनगटाचं हाड वर आलेलं. मी म्हटलं, गाणाऱ्याचा गळाही सुकतो. पण माझ्या आवाजात मघाचा जोर नव्हता.

"पण आजी, 'गई' आहे. मुलगा असता तर 'गया' असतं ना?" पोरगी हुशार आहे.

"हिंदीत तां कोण बघता? तुझो आजो 'मेरा बायको आयेगा' म्हणायचो. मी येय होतंय ना?"

दिशा तोंडावर हात ठेवून हसली आणि पुढे वाचू लागली. "लोग कहते, अब इसमें क्या रखा है। छोड़ दो।"

 हे वाक्य या मजल्यावर कितीतरी जणांनी मराठीत म्हटलेलं होतं. मीही म्हटलं होतं, वेगळ्या शब्दांत.

"बुढ़िया कहती, मैंने इसे भरा हुआ देखा है।"

"होय," मालन म्हणाली. एवढ्या खालच्या आवाजात की ते कुणासाठी होतं कळेना. "अंगान भरलेलो. मशीनवर होतो तेव्हा शर्टाची बटणां लागत नाय हुती."

"बुढ़िया ने वहाँ जाना नहीं छोड़ा।"

मेथी माझ्या मांडीवर तशीच राहिली. माझी भजनातली झील कधीच मागे पडली होती. मला खरंच वाटायला लागलं की मालनचंच बरोबर आहे. एवढं सगळं जुळतंय ते काय उगाच? कुणीतरी कुठेतरी बसून मालनचीच गोष्ट लिहिली आणि ती फिरत फिरत दिशाच्या शाळेत पोचली. मला भरून आलं. मी पदराने डोळे पुसले आणि मेथीला माती फार आहे असं काहीतरी बोलले.

शेवटच्या ओळी वाचायच्या राहिल्या होत्या, तरी दिशाने पेन्सिलीने लिहिलं, झील म्हणजे बेटा. कसं ओळखलं, त्यापुढे लिहिलं, क्योंकि बुढ़िया उसे छोड़ती नहीं। लिहून तिने ते आम्हाला वाचून दाखवलं.

"तलाव."

आवाज कुठून आला ते आधी समजलंच नाही. घसा बसलेल्या माणसाचा असावा तसा, खरखरीत. दिशाची पेन्सिल थांबली.

"झील म्हणजे तलाव," हर्षद भिंतीला म्हणाला. "बेटा लिहू नको. मार्क जाईल."

मी देवाचं नाव घेणार, तोच मालनने माझा गुडघा घट्ट दाबला. तिचा चेहरा होता तसाच. भाजीवाल्याने जरा जास्त भाव सांगावा एवढाच फरक.

"तलाव?" ती म्हणाली. "खंयचो तलाव?"

 मग भिंतीकडूनच उत्तर आलं, "पवईचा आहे ना. तसा. मोठा."

"पवयच्या तलावाक सगळी तलावच म्हणतत. झील कोण म्हणता?"

"आये, हिंदीत म्हणतात."

"आणि म्हातारी तळ्याशी कित्याक बोलतली? तळा काय उत्तर देता?"

"देत नाही म्हणूनच लिहिलंय ना. चुप रहती."

"माका पटूक नाय," मालन म्हणाली. "दिशा, तू बेटाच ठेव गो."

खाट करकरली. हर्षदने मान वळवली होती, पूर्ण नाही, अर्धी. "अगं खोड ते. तलाव लिही. तलाव घालून परत वाच सगळं, बसतं की नाही बघ."

दिशाने परत वाचलं. तलावाशेजारी म्हातारी बसली, तलाव गप्प राहिला, तलाव सुकला, म्हातारीने भरलेला बघितला होता, शेवटी पावसाने तो परत भरला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चपखल बसलं. वाचता वाचता पोरीचा आवाज आपोआप मोठा झाला होता, ते तिच्या लक्षातही नव्हतं. मला तर माझीच लाज वाटली. भजन काय, झील काय. एवढं साधं होतं.

मालनने मात्र मान हलवली. "जमणा नाय."

"तू पण ना, आये," हर्षद म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.  मालन थोडा वेळ वाट बघत बसली. मग तिने बोटाने साय काढली, गार चहा प्यायली आणि उठली.

पॅसेजमध्ये मी तिला धरलं. "कमाल आहे तुझी. त्याचं बरोबर होतं गं. मला अडाणीला कळलं, तुला कळलं नाही?"

"पयल्याच शब्दाक कळला," मालन म्हणाली.

"मग?"

"मी होय म्हटला असता, तर तो परत गप झालो असतो."

एवढं बोलून ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. पण ती म्हणाली, "दमलंय गो," आणि भात टाकायला गेली.

त्या दिवसापासून मालन दिशाच्या हिंदीच्या पुस्तकाची विद्यार्थिनी झाली. दुपारी चहाचा कप स्टुलावर ठेवायचा, चष्मा लावायचा आणि पुस्तक उघडायचं. देवनागरी तिला वाचता येते, गावात चौथीपर्यंत शिकलेली. ती एकेक वाक्य मोठ्याने वाचायची, एखाद्या शब्दाला थांबायची, त्याचा काहीतरी भलताच अर्थ लावायची आणि भिंतीच्या दिशेने सोडून द्यायची. 'पगडंडी' म्हणजे पगडी घालणारी बाई. 'मुसाफ़िर' म्हणजे कुणीतरी मुसलमान असणार. 'घोंसला' म्हणजे घोळ मासा.

कधी कधी भिंतीकडून उत्तर यायचं. "पायवाट, आये." "प्रवासी." एकदा तर, "मासा काय, झाडावर मासा राहतो का?" असं अख्खं वाक्य आलं. पण फार दिवस काहीच यायचं नाही. चार दिवस नाही, पाच दिवस नाही. गोष्टीत एका शब्दाने माणूस उठून नाचायला लागतो, तसं इथे काही झालं नाही, उगीच समज करून घेऊ नका. मालन वाचायची, थांबायची, वाट बघायची, गार चहा प्यायची आणि उठायची.

आणि न कळण्याचं सोंग करायलाही डोकं लागतं हो. फार कठीण शब्द घेतला आणि तो हर्षदलाच आला नाही, तर तो आणखी मिटायचा. मग दोन दिवस खाटेवरून श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. फार सोपा घेतला तर सोंग उघडं पडायचं. मालन रात्रीच्या भाकऱ्या भाजताना पुस्तक ओट्यावर टेकवून दुसऱ्या दिवशीचे शब्द निवडायची. त्याला येईल, पण मला येणार नाही असं त्याला वाटेल, असा शब्द. मी म्हटलं, अगं यापेक्षा डबे करायचीस तेव्हा कमी मेहनत होती. ती म्हणाली, "व्हय," आणि भाकरी उलटली.

कल्पिताला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "मला पण कळतंय मावशी, बदल आहे," ती म्हणाली. "पण मी आले की तो परत तसाच असतो ना. मला कुठे दिसतो बोलताना." तिचंही खोटं नव्हतं. तिच्या वाट्याला फक्त त्याची पाठ यायची.

दिवाळीची सुट्टी लागली. कल्पिताने दिशाची बॅग भरली. नेहमीपेक्षा मोठी होती, सुट्टी असून त्यात शाळेचा युनिफॉर्म होता. मालनने ते बघितलं. दिशा दारातून निघाली तेव्हा मालन फक्त म्हणाली, "पुस्तक ठेवून जा गो." दिशाने हिंदीचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. मग आत जाऊन पप्पांच्या पाठीला हात लावून आली. मार्वेच्या जेट्टीवरून होडीने पलीकडे मनोरी. लांब काही नाही. पण लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा आमच्या मजल्यावर एकदम सामसूम झाली.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी पेज घेऊन मालनकडे गेले. तिला दोन दिवस कणकण होती. फराळाचा डबा तसाच बांधलेला. ती आत खाटेला डोकं टेकून जमिनीवर बसली होती, मांडीवर पुस्तक. स्टुलावर कप नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने चहा केला नव्हता. तिचे पाय सुजले होते. पोर घरात नाही, म्हणजे अभ्यासाचं निमित्तही नाही, तरी चष्मा लावून बसलेली. मला तिचा रागच आला. तिचा, तिच्या मुलाचा, त्या वापीच्या मालकाचा, सगळ्यांचाच.

मी उंबऱ्यात थांबले. मालन तीच तळ्याची गोष्ट वाचत होती. तो कागद दिशाने पुस्तकात ठेवलेला होता. शेवटच्या ओळी. पाऊस येतो, झील भरते, गावातले लोक बघायला जमतात, कोणीतरी म्हातारीला चहा देतं. यातले सगळे शब्द तिने केव्हाच विचारून संपवले होते. पुस्तकातलेही संपले होते. आता काही उरलं नव्हतं.

"बुढ़िया ने चाय पी," तिने वाचलं. मग थांबली. डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता झोपेल.

"रे हर्षद," ती म्हणाली. "ह्या 'चाय' म्हंजे काय?"

 एवढी काळजी घेऊन इतके दिवस शब्द निवडले आणि आज दमून सगळ्यावर पाणी ओतलं. चहा कळत नाही असं मुंबईत कुत्रंसुद्धा म्हणणार नाही. आता त्याला सगळं सोंग समजणार. चिडणार, नाहीतर कायमचा मिटणार. वाट लागली, मी मनात म्हटलं.

खाट करकरली. हर्षद वळला. या वेळी अर्धा नाही. कुशीवर वळून तो आईकडे बघत राहिला. तिच्या न विंचरलेल्या केसांकडे, चष्म्याच्या बांधलेल्या दांडीकडे, पायांकडे. मालनने डोळे उघडले. दोघं एकमेकांकडे बघत होते. त्याला कळलं होतं. आजचंच नाही, तलावापासूनचं सगळं कळलं होतं, ते मला उंबऱ्यातून दिसत होतं.

"चाय?" तो म्हणाला.

"होय," मालन म्हणाली. आता मागे फिरायला जागा नव्हती आणि बळही नव्हतं. "माका अर्थ लागणा नाय."

हर्षद उठून बसला. पाय खाली सोडून बसूनच राहिला बराच वेळ, जमीन किती खाली आहे ते बघत असल्यासारखा. मग उभा राहिला आणि माझ्या बाजूने, मला न बघता, स्वयंपाकघरात गेला. लायटरचा आवाज आला. टक, टक, टक. पेटेना. मी पुढे होणार होते, पण मालनने नुसती मान हलवली. मग गॅस पेटला. डबे उघडल्याचे आवाज, एक, दुसरा, तिसरा. साखर कुठे असते ते त्याने विचारलं नाही. आलं ठेचल्याचा आवाज आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं, कारण माझं मलाच आवरेना.

तो कप घेऊन आला. बशी नव्हती. खाली वाकला आणि तिच्या हातात दिला.

"ही," तो म्हणाला. "चाय म्हणजे ही."

मालनने कप दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला. साखर किती पडली असेल ते तिच्या तोंडावरून कळत होतं. तिने कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आणि 'पी' म्हंजे?"

"गप पी आता, आये," हर्षद म्हणाला. "गार होईल."

ती प्याली. साय धरायच्या आत तिने सगळा कप संपवला.